समजलं ना?

१९९९ साली 'ओरिएंटेशन'ला जाण्याचे पत्र हाती पडले, तेव्हा मला रागच आला. सहा वर्षे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत होतो. मला आता कोण शिकविणार? पण त्या चार आठवड्यांवाचून वरिष्ठ वेतनश्रेणी नव्हती. "अहो, जाऊन तर या!" सौभाग्यवती म्हणाली. गेलो.

शाळेतल्या मास्तरांना बी.एड. लागते; प्राध्यापकाला शिकविता येते की नाही, हे कोणी विचारीत नाही. म्हणून तर १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली.

तेथे 'सूक्ष्म अध्यापन' नावाचा एक प्रकार होता. मूळचा स्टॅनफर्डचा, १९६३चा. सहकाऱ्यांनी विद्यार्थी व्हायचे, आपण सहासात मिनिटे शिकवायचे, आणि मग त्याचा व्हिडिओ पाहायचा! मी 'मोल' शिकविला. पाहतो तो काय, तोंड फळ्याकडे आणि "समजलं ना?" तब्बल अकरा वेळा! उत्तरासाठी एकदाही थांबलो नव्हतो. सगळे हसले, मीही हसलो. रात्री मात्र पहिल्या बाकावरचा एक मुलगा आठवला. दर वेळी मान डोलवायचा. माझ्याच विषयात दोनदा नापास होऊन कॉलेज सोडून गेला.

मेरी बड रो या अमेरिकन विदुषीने मोजून पाहिले होते : प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतो. निदान तीन सेकंद थांबावे. तीन सेकंद केवढे मोठे असतात म्हणून सांगू!

परतल्यावर वर्गात प्रश्न टाकला आणि मनात आकडे मोजले. एक, दोन, तीन. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"सर, मोल म्हणजे नक्की काय? मला पहिल्यापासूनच कळलेलं नाही."