माळावरचे दगडी चक्रव्यूह कोणाचे?

सांगली, सातारा आणि कोल्हापूर जिल्ह्यांत लहान दगड जमिनीवर मांडून केलेले चक्रव्यूह अलीकडच्या काळात अभ्यासकांनी नोंदवले आहेत. त्यांच्याकडे राज्याचं लक्ष गेलं ते २०२५च्या डिसेंबरात. सोलापूरजवळ बोरामणीच्या गवताळ माळावर सुमारे ५० फूट रुंदीचा, १५ फेऱ्यांचा गोल चक्रव्यूह उजेडात आला आणि त्याबरोबर एक मांडणीही पुढे आली. क्रीट बेटावरच्या प्राचीन नाण्यांवर अशीच आकृती असते, सातवाहनांच्या काळात आपला रोमशी व्यापार होता, तेव्हा हे दगड त्या व्यापारमार्गाच्या खुणा असावेत, अशी ती मांडणी. ती कल्पना अभ्यासाला धरून आहे, पण बातम्यांमधून फिरता फिरता तिच्यातला ‘असावेत’ गळून पडला आणि ‘आहेत’ उरलं. माझं म्हणणं असं की आकृतीच्या साम्यावरून असं नातं सुचू शकतं, सिद्ध होत नाही. ते सिद्ध करायचं तर आकृती कशी घडली आणि कधी घडली, हे दोन्ही पाहावं लागेल.

निसर्गातले पीळ हेच शिकवतात. गोगलगायीचा शंख आणि मेंढ्याचं शिंग यांचा वळसा गणिताच्या दृष्टीने एकाच जातीचा असतो, पण एकाने तो दुसऱ्याकडून घेतलेला नाही. दोन्हींत जुना भाग तसाच राहतो आणि नवी भर फक्त कडेला पडते. ही भर एका बाजूला जास्त पडली की वाढता वाढता वळसा आपोआप येतो. तासगावच्या द्राक्षबागेतली बाळी मात्र निराळ्या कारणाने वळते. तिचं मोकळं टोक मांडवाच्या तारेला विळखा घालतं आणि मग मधला भाग पीळ घेऊ लागतो. पण आता दोन्ही टोकं अडकलेली असतात, एक वेलीला आणि एक तारेला. त्यामुळे सगळा पीळ एकाच दिशेने पडणं शक्य नसतं. बाळी नीट निरखली तर मध्ये एक सरळ तुकडा दिसतो. त्याच्या एका बाजूला डावे वळसे असतात, दुसऱ्या बाजूला उजवे, आणि त्यांची संख्या जवळपास सारखी भरते. डार्विनने १८६५ मध्ये वेलींवरच्या लेखनात याची उकल केली होती. शंख, शिंग आणि बाळी यांना एकाच ‘सुवर्ण गुणोत्तरा’त बसवण्याची हौस पुष्कळांना असते. तिने वाचकाला आनंद मिळतो, पण घडण्याची क्रिया मात्र झाकली जाते.

हाच प्रश्न दगडी चक्रव्यूहाला विचारून पाहू. या आकृतीत फाटे फुटत नाहीत. एकच वाट वळसे घेत, कधी मध्याजवळ येत तर कधी पुन्हा बाहेर जात, अखेर मध्याशी पोचते. क्रीटच्या नाण्यांवरचा सात फेऱ्यांचा प्रकार कागदावर काढणं सोपं आहे. मध्ये अधिकचं चिन्ह काढायचं, त्याच्या चार कोपऱ्यांत चार काटकोन आणि चार टिंबं द्यायची, मग वरच्या टोकांना एकावर एक कमानी घालून क्रमाने जोडत जायचं. भारतात सापडणाऱ्या प्रकाराचं बीज मात्र वेगळं आहे. ते चार भागांचं नसून तीन भागांचं असतं आणि वाट मध्याशी पोचताना घट्ट पीळ घेते. बोरामणीच्या चक्रव्यूहाच्या मध्याशीही असाच पीळ आहे. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन आकृत्यांची सुरुवातच निरनिराळी असेल, तर एक दुसरीची नक्कल आहे असं म्हणण्यापूर्वी थांबायला हवं.

यावर आक्षेप येईल की इतकी गुंतागुंतीची आकृती दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचणं कठीण आहे. हा आक्षेप मला वजनदार वाटतो. आकृतीने प्रवास केला असेल, हे मी मान्य करतो. पण कोणत्या शतकात आणि कोणाच्या हातून? ग्रीसमधल्या पायलॉस इथल्या मातीच्या पाटीवर, जिच्या एका बाजूला शेळ्यांचा हिशेब आहे, हीच आकृती कोरलेली सापडली. ती पाटी इसवी सनापूर्वी सुमारे १२००ची. म्हणजे रोमन व्यापारी भारतात येऊ लागले तेव्हा ही आकृती हजार वर्षांहून जुनी होती. गोव्यात कुशावती नदीकाठी उसगाळीमळ इथे जांभ्यावर कोरलेला गोल चक्रव्यूह १९९३ मध्ये उजेडात आला, आणि त्या कोरीव चित्रांना अनेक अभ्यासक प्रागैतिहासिक मानतात. उलट हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरात अभिमन्यूच्या कथेसोबत चक्रव्यूह कोरला आहे तो बाराव्या शतकात, सातवाहनांनंतर कितीतरी शतकांनी. इतक्या लांबलचक काळात सातवाहनकाळच निवडायला काहीतरी स्वतंत्र पुरावा लागतो.

दुसरा आक्षेप व्यापाराचा. तो व्यापार झाला यात शंका नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकातल्या उत्खननात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती मिळाली, तेरला रोमशी संबंध सांगणाऱ्या वस्तू मिळाल्या, आणि कराडजवळच्या आगाशिवच्या डोंगरात त्या जुन्या काळाची बौद्ध लेणी आहेत. पण मूर्ती उत्खननातल्या थरात मिळते, तो थर तिचा काळ सांगतो. उघड्या माळावर मांडलेल्या दगडांना असा थर क्वचितच लाभतो. रस्ता प्राचीन होता म्हणून त्याच्या कडेची प्रत्येक गोष्ट तितकीच प्राचीन ठरत नाही.

उत्तर मिळण्याची वाट आहे, आणि ती दगडांच्या खालूनच जाते. दगडाखालच्या मातीतल्या खनिजकणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला, हे प्रयोगशाळेत मोजता येतं. त्यासाठी दगड मूळ जागी असावा लागतो. तो उचलून पुन्हा ठेवला तरी खालच्या मातीला उजेड लागतो आणि त्या जागेपुरता पुरावा संपतो. वर्तुळ नीटनेटकं दिसावं म्हणून कडेला सरकलेले दगड पुन्हा रांगेत लावणं हे म्हणूनच सर्वांत मोठं नुकसान. सपाटीकरण, पवनचक्क्यांचे रस्ते आणि मुरूम काढण्याची कामं यांपासूनही या जागा जपायला हव्यात. सांगली-साताऱ्याच्या माळांवर तुम्हाला अशी रचना दिसली, तर एकही दगड न हलवता तिचं छायाचित्र घ्या, जागा टिपून ठेवा आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळवा.