घरघर चाकात, उपाय पत्र्यावर

आलापल्लीहून भामरागडकडे निघालेला रस्ता पेरमिली, ताडगाव, हेमलकसा अशी गावे घेत साधारण ६५ किलोमीटर जंगलातून जातो. कुठे नवे गुळगुळीत डांबर, कुठे उखडलेली गिट्टी, कुठे नाल्याजवळ काढून दिलेली मुरमाची वळणवाट. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. मोठ्या तपासणीसाठी, कॉलेजच्या प्रवेशासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी घरची गाडी काढली की सारा दिवस तिच्यातच जातो. उतरल्यावर कान भणभणतात, कंबर धरते आणि कुणीतरी सुचवते, ‘गाडीला डॅम्पिंग करून घ्या.’ दारांत आणि फरशीवर काळ्या चिकट शीट डकवण्याचा हा धंदा शहरांत जोरात आहे आणि त्यात हजारो रुपये सहज जातात. माझे म्हणणे असे, की हा खर्च रांगेत सगळ्यात शेवटी उभा राहायला हवा. आधी टायर, मग बुश आणि शॉकअप, मग दारांचे रबर. एवढे करून आवाज उरलाच, तर शीट.

हा क्रम का, ते आवाजाच्या वाटा पाहिल्या की कळते. एक वाट हवेची: टायरच्या नक्षीत दाबली जाऊन सुटणारी हवा, मडगार्डवर आदळणारे खडे, काचेला घासणारा वारा. दुसरी वाट लोखंडाची. चाक खडबडीत डांबरावर थरथरते, ती थरथर आर्म, बुश, शॉकअपचे माउंटिंग अशी चढत सांगाड्यात शिरते आणि फरशीचा, छताचा पत्रा नगाऱ्यासारखा घुमवते. ढोबळ मानाने, सेकंदाला ५०० कंपनांच्या वरचा आवाज बहुतांशी पहिल्या वाटेने येतो आणि खालचा दुसऱ्या. ताशी ४०-५० किलोमीटरच्या पुढे बहुतेक कारमध्ये इंजिनापेक्षा टायरचाच आवाज मोठा असतो आणि खरखरीत रस्त्यावर त्यातला मोठा वाटा या खालच्या पट्टीत असतो. कारची आतली लांबी अडीच मीटर धरली, तर त्या पोकळीतली हवा सेकंदाला सुमारे ७० कंपनांना आपोआप घुमू लागते. कानात दडे बसल्यासारखे वाटते त्यात हिचा हात असतो. या आवाजाची एक लाट जवळजवळ पाच मीटर लांब असते. फोमने ती नीट शोषायची, तर लाटेच्या चौथ्या हिश्श्याइतकी, म्हणजे सव्वा मीटर जाडी लागेल. दारात मावते ती सेंटिमीटरभर.

म्हणून सुरुवात चाकापासून. टायरमध्ये हवा किती हवी, ते बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर छापलेले असते. तो आकडा टायर थंड असतानाचा, आणि भरलेल्या गाडीसाठी बऱ्याचदा वेगळा असतो. ‘रस्ता खराब आहे, चार पॉइंट जास्त टाका’ असे सांगून भरलेला टायर ताठ होतो आणि प्रत्येक खडा वर पाठवतो. फार कमी हवाही नको, कारण खड्ड्याच्या कडेवर टायर रिमपर्यंत दबतो आणि त्याची बाजू फुटते. चाक आदळल्यावर जो ‘ठण्’ असा घुमारा येतो, तो बराचसा टायरमधल्या हवेचा असतो. दीड मीटरच्या आसपास घेर असलेली ती गोल पोकळी सेकंदाला सव्वादोनशेच्या आसपास कंपनांना वाजते, आणि काही टायर कंपन्या आतून फोमची पट्टी चिकटवतात ती याच आवाजासाठी. टायर वाकडा झिजला आहे का, हे हातालाच कळते. तळवा नक्षीवरून एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत लागते, उलट फिरवला तर दाते टोचतात. असा टायर कितीही चांगल्या रस्त्यावर गुणगुणतो. मग अलाइनमेंट करून घ्यायचे आणि तो टायर बदलायचा. बुशचेही तसेच. लोखंडी नळीत दुसरी नळी आणि मध्ये रबर, एवढीच ती वस्तू. खराब झालेला बुश काढून पाहिला तर रबराला भेगा पडलेल्या असतात आणि आतली नळी एका बाजूने बाहेरच्या नळीला टेकलेली असते. थरथर अडवायला मध्ये काही उरलेलेच नसते. तिथे लोखंड लोखंडाला भिडलेले असताना फरशीवर शीट डकवून काय होणार?

ज्यांनी शीट लावून घेतल्या, ते म्हणतील, आम्हाला फरक जाणवला. जाणवला असणार. दारावर टिचकी मारली की आधी ‘टण्’ वाजायचे, आता ‘थप्’ वाजते. पावसाचे थेंब छतावर कमी ताडताडतात. पत्र्याची स्वतःची कंपने ही शीट खरोखर मारते, आणि त्यासाठी सगळा पत्रा झाकावाही लागत नाही, मधला मोकळा भाग पुरतो. पण आवाज अडवायचा तर हिशेब वजनाचा आहे. वजन दुप्पट केले की सुमारे ६ डेसिबल अडतात, आणि कानाला आवाज निम्मा वाटायला सुमारे १० डेसिबल कमी व्हावे लागतात. ०.८ मिलिमीटर जाड पोलादी पत्र्याचे वजन चौरस मीटरला सव्वासहा किलो. ते दुप्पट करायचे, तर गाडी किती जड होईल याचा विचार करावा. शिवाय भिंतीला एक टक्का जरी फट असली, तरी ती कितीही जाड केली तरी २० डेसिबलच्या वर आवाज अडत नाही. म्हणून दारांचे रबर आधी. कागदाची पट्टी ठेवून दार लावावे आणि ती ओढावी. अलगद निघून आली तर तिथले रबर बसलेले नाही. आपल्याकडे आणखी दोन गोष्टी आहेत. पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर येणाऱ्या, दर रपट्यावर थांबून अंदाज घ्यायला लावणाऱ्या या मुलखात गालिच्याखालचे नमदे आणि उघड्या छिद्रांचे फोम पाणी धरून बसतात आणि फरशी गंजते. दाराच्या तळाशी पाणी निघायची भोके असतात, ती शीट लावताना बुजवली तर दार आतून कुजते. आणि चंद्रपूरकडचा पारा ४५ च्या पुढे गेला, की स्वस्त डांबरी शीट मऊ पडून ओघळतात, गाडीत वास भरतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दोष रस्त्याचा, मग गाडीला कशाला दोष द्यायचा? लोहखनिजाच्या जड ट्रकांखाली आलापल्ली-आष्टी रस्त्याची काय दशा झाली, हे या भागात कुणाला सांगायला नको. रस्त्यासाठी भांडलेच पाहिजे, आणि ते भांडण मला गाडीच्या दुरुस्तीपेक्षा मोठे वाटते. पण चांगले डांबर पडेपर्यंतही लोक प्रवास करणारच आहेत, आणि त्यांत बाळंतपणाला निघालेली बाई असते, पाय मोडलेला म्हातारा असतो. बसलेल्या माणसाचे धड सेकंदाला ४ ते ८ वेळा वर-खाली होणाऱ्या हिसक्यांना सगळ्यात जास्त साथ देते. युरोपीय संघाने २००२ मध्ये यंत्रावर बसून काम करणाऱ्यांच्या शरीराला बसणाऱ्या कंपनांवर रोजची मर्यादा घातली, ती कंबरेच्या दुखण्यांमुळे. या हिसक्यांवर कुठलीही शीट चालत नाही. तेल गळलेला शॉकअप बदलणे आणि वेग कमी ठेवणे, हेच उपाय चालतात. चांगला शॉकअप हा चैनीचा खर्च आहे असे मी मानत नाही.

गाडी फार शांत झाली तर जंगलातल्या वळणावर समोरच्याचा हॉर्न ऐकू कसा येणार, असेही कुणी विचारतात. काळजी रास्त आहे, पण कानाची रीत वेगळी आहे. खालच्या पट्टीतला जोराचा आवाज वरच्या पट्टीतल्या आवाजांना झाकतो. उलट तितके होत नाही. हॉर्न वरच्या पट्टीतला. चाकांची घरघर कमी केली की तो अधिक स्वच्छ ऐकू येतो. काचा बंद, गाणी मोठी, हे मात्र हॉर्नच्या मुळावर येते, आणि त्याचा शीटशी काही संबंध नाही. मागची एकच काच उघडली तर कानावर ढब-ढब दाब येतो. पुढची काच बोटभर खाली घेतली की तो जातो.

आजारी माणसाला घेऊन निघायचे असेल, तर सात आसनी गाडीत त्याला शेवटच्या ओळीत बसवू नये. ती ओळ मागच्या चाकांच्या अगदी वर असते आणि प्रत्येक खड्डा तिथे पुरा पोचतो. मधली ओळ पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये पडते, म्हणून तिथे उसळी सगळ्यात कमी. जड सामान टपावर बांधण्याऐवजी आत, खाली ठेवावे, आणि निघण्याआधी चारही चाकांची हवा त्या चौकटीवरच्या आकड्याशी ताडून घ्यावी.