दफनभूमीने वाचवलेले जंगल

शहराने आपल्या हद्दीबाहेरचे जंगल घेऊन राखायचे, तर कशाच्या बळावर? मला लंडनच्या ईशान्येचे एपिंगचे जंगल आठवते. एकोणिसाव्या शतकात तिथले जमीनदार कुंपणे घालू लागले. लाउटन गावच्या लोकांना हिवाळ्यात फांद्या तोडून सरपण नेण्याचा जुना हक्क होता. तो बजावला म्हणून १८६६ मध्ये काहींना तुरुंगात जावे लागले.

लंडनच्या जुन्या शहराची पालिका पुढे सरसावली. पण कोर्टात उभे राहायला तिचा संबंध काय? गंमत अशी, की दफनभूमीसाठी तिने जवळच जमीन घेतली होती आणि त्या जमिनीबरोबर जंगलात गुरे चारण्याचा हक्कही आला होता! तेवढ्या धाग्यावर १८७१ मध्ये तिने दावा लावला आणि १८७४ मध्ये जिंकला. जमीनदारांचे हक्क पैसे मोजून घेतले. १८७८ च्या कायद्याने जंगल तिच्याकडे आले: कुंपण नाही, बांधकाम नाही, सर्वांना मोकळे.

मात्र त्याच कायद्याने सरपणाचा हक्क संपला. भरपाईतून लाउटनला १८८४ मध्ये सभागृह मिळाले. सभागृहावर चूल पेटत नाही, हे मला खटकते. तोड थांबल्याने झाडे माजली, खाली सावली दाटली. अलीकडच्या दशकांत पालिकेनेच काही झाडांची तशी छाटणी पुन्हा सुरू केली आहे.