पगारचिठ्ठीची घडी

भोसरी एमआयडीसीत आमच्या कंपनीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. त्यामुळे गुरुवारी बाप्या माणूस घरी दिसला तर आमच्या वस्तीत कुणी वळून बघत नाही. २००८ च्या नोव्हेंबरात एका मंगळवारी सकाळी दहा वाजता मी गॅलरीत चहाचा कप घेऊन उभा होतो. समोरच्या आजींनी विचारलं, "आज गुरुवार आहे का रे?" मी "हो" म्हटलं आणि आत गेलो. मंदी आमच्या घरात आली ती अशी.

मी गिअर हॉबिंगच्या मशीनवर. ट्रकच्या गिअरबॉक्सचे गिअर आम्ही कापायचो, मोठी कंपनी ते उचलायची. १५ सप्टेंबरला तिकडे न्यूयॉर्कात लेहमन ब्रदर्सचं दिवाळं वाजलं. त्याचा आमच्या मशीनशी काय संबंध, हे दिवाळी होईपर्यंत कळलं नाही. ट्रक रोखीने सहसा कुणी घेत नाही. कर्ज देणाऱ्यांनी हात आखडला, तयार ट्रक यार्डात उभे राहिले, मोठी कंपनी माल उचलेना. आमच्या शॉपमध्ये तेल लावलेल्या गिअरच्या ट्रॉल्यांची रांग लागली आणि नोटीसबोर्डावर 'ब्लॉक क्लोजर' हे दोन शब्द चिकटले. महिन्यातले आठ दिवस बंद. चार दिवसांचा भार कंपनीचा, चार दिवस आमच्या शिल्लक रजेतून. युनियनने तेवढं पदरात पाडून घेतलं होतं, त्यामुळे 'पगार कापला' असं म्हणायची सोय नव्हती.

पण चिठ्ठी काय म्हणत होती? मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ६,४००. घरभाडं, हजेरी भत्ता, उत्पादनाचा इन्सेंटिव्ह मिळून ३,३००. ओव्हरटाइमचे २,८००. एकूण १२,५००, कपाती सोडून देऊ. यातून घराचा हप्ता ४,३०० जायचा आणि उरलेल्या ८,२०० मध्ये चौघांचं चालायचं. नोव्हेंबरात वरच्या ओळीला धक्का लागला नाही. हजेरी भत्ता आणि इन्सेंटिव्हचे १,५०० गेले, ओव्हरटाइम शून्य झाला. हातात ८,२००. म्हणजे आधी हप्ता गेल्यावर जेवढे उरत, तेवढेच आता हप्ता जायच्या आधी आले. तेव्हाच्या कारखाना कायद्यात ओव्हरटाइमला दुप्पट दर होता. तो मिळतो तेव्हा गोड लागतो. जातो तेव्हा दोन तासांबरोबर चार तासांची मजुरी नेतो, हे त्या महिन्यात समजलं. बँकेने कर्ज देताना आणि आम्ही घेताना, दोघांनी १२,५०० हाच पगार धरला होता.

डिसेंबरात रजा संपल्या आणि खरा ले-ऑफ सुरू झाला. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे ले-ऑफच्या दिवसाची भरपाई निम्मी. पण निम्मी कशाची, तर फक्त मूळ पगार आणि महागाई भत्त्याची. ६,४०० भागिले २६, त्याचे अर्धे. दिवसाला १२३ रुपये. 'हाफ पेमेंट' म्हणायचे सगळे, प्रत्यक्षात ते तिसऱ्या हिश्शाच्याही आत होतं.

त्या सहा महिन्यांत काय केलं, याची यादी मोठी नाही. भिशी मध्येच सोडता येत नाही, म्हणून ती चालू ठेवली आणि आपला नंबर आधी मागून घेतला. कामगार पतसंस्थेतून कर्ज काढलं. स्कूटरला विश्रांती, सायकलला तेलपाणी. बायकोने साड्यांना फॉल-पिको करायला घेतलं आणि ते मंदी सरल्यावरही सोडलं नाही. गावाकडून ज्वारीचं पोतं एसटीच्या टपावरून आलं. आमच्याबरोबरच्या ज्यांना गाव होतं पण शेत नव्हतं, त्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही. एकाने रिक्षाचालकाचा बॅज काढून रात्री रिक्षा धरली. सगळ्यात अवघड होतं ते घरी बसणं. बंदच्या दिवशीही मला फर्स्ट शिफ्टच्या वेळेला जाग यायची, आणि पोरांना दटावत दिवसभर घरात वावरणारा बाप त्यांना नवा होता.

मंदी सरली ती थोडी सरकारमुळे. डिसेंबर २००८ मध्ये उत्पादन शुल्क चार टक्क्यांनी उतरलं, फेब्रुवारीत आणखी. त्याच सुमाराला केंद्राच्या कर्मचाऱ्यांना सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी मिळाली. देहूरोडच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या आमच्या शेजाऱ्याने नवी गाडी आणली, पेढे वाटले. मी पेढा खाल्ला आणि मनात म्हटलं, घे बाबा गाड्या, तू घेशील तर आमचं मशीन फिरेल. २००९ च्या उन्हाळ्यानंतर ओव्हरटाइम परत आला. माणसं मात्र तशी परत आली नाहीत. जो कायम कामगार निवृत्त होई, त्याच्या जागी कंत्राटी पोरगा येई. दहा वर्षांत शॉपमध्ये आम्ही चाळीस उरलो आणि ते सत्तर झाले.

म्हणून २०१९ ची मंदी आम्हाला कमी लागली. त्या जुलैत देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी घटली. आयएलअँडएफएस ही मोठी वित्त कंपनी बुडाल्यापासून बाकीच्या वित्त कंपन्या कर्जाला हात लावत नव्हत्या, ट्रकची भारक्षमता सरकारने वाढवल्याने जुन्या गाडीतच जास्त माल जात होता, आणि १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ निकष येणार म्हणून गिऱ्हाईक थांबलं होतं. चाकणमध्ये खोल्यांवर 'भाड्याने देणे आहे' च्या पाट्या लागल्या, मेसवाल्या बायकांचे डबे निम्मे झाले. आमच्या युनियनने व्यवस्थापनाला सांगितलं, आधी कंत्राटी कमी करा, कायमांचे दिवस त्यानंतर. त्या बैठकीत मीही होतो, मान डोलावली होती.

माझ्या मशीनला जॉब लावणारा कंत्राटी पोरगा निलंग्याकडचा. त्याला एक फोन आला, उद्यापासून येऊ नको. गेटपास जमा करायला आला तेव्हा म्हणाला, "काका, तुम्हाला बंद दिवसाचे अर्धे मिळतात, ते नेमके कशाचे?" कायद्यात उत्तर होतं: हजेरीपटावर नाव हवं, वर्षभराची सलग सेवा हवी, बदली कामगार धरायचा नाही. नोकरी गेलेल्या विमाधारकाला ईएसआयकडून सरासरी मजुरीच्या २५ टक्के, ९० दिवस, अशीही योजना आदल्या वर्षीच निघाली होती. पण त्याला दोन वर्षांची विमा नोंद लागायची आणि याला दर काही महिन्यांनी नोकरीत ब्रेक. हे सगळं त्याला काय सांगणार? माझे अर्धे कुणाच्या तरी अख्ख्यातून आले होते, एवढं त्याला माझ्याआधी कळलं होतं.

२०२० ला मंदी म्हणायचं की संकट, कोण जाणे. लॉकडाउन लागला आणि २९ मार्चला केंद्राने आदेश काढला, पूर्ण पगार द्या. मेमध्ये तो मागे घेतला आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांना आपसात बोलून मार्ग काढायला सांगितलं. आमच्यात बोलणी झाली, निम्म्यावर मिटलं. रिझर्व्ह बँकेने हप्ते थांबवायची मुभा दिली होती. मी ती घेतली नाही, कारण हप्ता थांबतो तेव्हा व्याज थांबत नसतं. २००८ मध्ये हे मला कुणीतरी सांगावं लागलं असतं.

मंदी झेलायची दुसरीही रीत असते. चाकणला जर्मन फोक्सवॅगनच्या कारखान्याचं उद्घाटन मार्च २००९ मध्ये झालं. त्या वर्षी एका टप्प्यावर जर्मनीत १४ लाखांहून जास्त कामगार 'कुर्त्सआर्बाइट'वर होते: सगळ्यांचे तास थोडे थोडे कमी करायचे, आणि बुडालेल्या निव्वळ पगाराचे ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के, बेकारी विम्याच्या निधीतून द्यायचे. गाड्या बनवायची जर्मन पद्धत चाकणला आली, मंदी वाटून घ्यायची आली नाही. आपल्याकडे तिची वाटणी गेटवर होते. कुणाच्या वाट्याला सुट्टी, कुणाच्या वाट्याला गाव.

पुढे एक नवा ऑपरेटर मोशीतल्या टू बीएचकेचं माहितीपत्रक घेऊन माझ्याकडे आला. बँक पस्तीस हजारांच्या चिठ्ठीवर कर्ज देतेय म्हणाला. पूर्वी मी अशा वेळी चिठ्ठीला ओव्हरटाइमच्या वर घडी घालायला सांगायचो. संसाराची घडी त्या घडीवर बसते. आता चिठ्ठी मोबाइलवर येते. मी त्याच्या स्क्रीनवर अंगठा आडवा ठेवला आणि वरचं तेवढं वाचायला सांगितलं. त्याने वाचलं, एकवीस हजार चारशे.

"आणि अंगठ्याखालचे?"

"ट्रक विकले गेले, तर तुझे."