ग्रीवा रोहिणी शस्त्रक्रियेतील उपद्रव

मानेतील रोहिणीच्या आतील भित्तीवर साचलेला मेदयुक्त थर काढून टाकणारी ही शस्त्रक्रिया पक्षाघात टाळण्यासाठी करतात. तथापि तिच्यामुळेच क्वचित पक्षाघात उद्‌भवतो. थराचा सुटलेला कण किंवा शिवणीजवळ बनलेली रक्ताची गुठळी मेंदूतील रोहिणीत अडकणे, हे त्याचे मुख्य कारण होय. काही दिवसांनी मेंदूतील रक्तप्रवाह अतिरिक्त वाढून रक्तस्रावही होऊ शकतो. तीव्र डोकेदुखी ही त्याची पूर्वसूचना असू शकते. म्हणून रक्तदाब नियंत्रित ठेवणे अत्यावश्यक असते. तंत्रिकांना इजा झाल्यास आवाज घोगरा होतो. उत्तर अमेरिकेतील चाचणीत (१९९१) लक्षणे दिसलेल्या व रोहिणी ७०–९९% अरुंद झालेल्या रुग्णांत, त्या बाजूच्या मेंदूतील पक्षाघाताचे दोन वर्षांतील प्रमाण औषधोपचाराने २६%, तर शस्त्रक्रियेवेळचे पक्षाघात धरूनही शस्त्रक्रियेने ९% आढळले. म्हणून रुग्णाची योग्य निवड महत्त्वाची ठरते.