ओवाळणीचं नातं

देणगी मागायला येणारा माणूस आधी स्वतःचा खिसा रिकामा करून आला आहे, हे दिसलं की देणाऱ्याचा हात सैल सुटतो. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हा साठवलेले हजार रुपये त्यांनी आधी त्यात घातले. पुढे विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून दिली. मुलाबाळांचं काय, हा बायांचा, म्हणजे कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाईंचा, प्रश्न मात्र रास्तच होता. दातृत्वाच्या गोष्टी सांगताना आपण तो हळूच गाळतो.

हिंगण्याला सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी दिले. तिथे झोपडी उभी राहिली आणि अण्णा, म्हणजे कर्वे, हिंगण्याहून फर्ग्युसन कॉलेजपर्यंत पायी जा-ये करू लागले. दिवसभर गणित शिकवायचं आणि उरल्या वेळात वर्गणी. विधवेशी लग्न केलं म्हणून ज्या समाजाने त्यांना वाळीत टाकलं, त्याच समाजाच्या दारात ते उभे राहत. मिळे ते थोडंथोडकंच, पण लोक ओळखीचे होत गेले.

मग १९२० साल उजाडलं. अण्णांचं महिला विद्यापीठ निघून चार वर्षं झाली होती. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून अण्णांना ही कल्पना सुचली होती, आणि सर विठ्ठलदास ठाकरसींनी ते विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिलं होतं. त्यांनी पंधरा लाख रुपये देऊ केले. विद्यापीठाला त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव लागलं. मुद्दल मात्र लगेच हाती आलं नाही. दरवर्षी ५२,५०० रुपये मिळायचे. १९२२ मध्ये विठ्ठलदास वारले. पुढे त्यांच्या विश्वस्तांशी मतभेद होऊन ही रक्कम काही काळ थांबली, मग तडजोड झाली आणि १९३६ मध्ये विद्यापीठाचं मुख्य कार्यालय मुंबईला गेलं. एका माणसाशी जुळलेला स्नेह कागदावरच्या अटींत उतरला, की तो माणूस गेल्यावर हाती अटीच उरतात. अर्थात, ते पैसे नसते तर विद्यापीठ टिकतं का, हेही विचारायला हवं. दरम्यान सत्तरी ओलांडलेले अण्णा युरोप, अमेरिका, जपान आणि मग मोंबासा-झांझिबारपर्यंत फिरून आपल्या कामाची माहिती देत होते.

मला मात्र हिंगण्याच्या संस्थेचा भाऊबीज फंड जास्त शहाणपणाचा वाटतो. दिवाळीच्या सुमारास कार्यकर्ते पावतीपुस्तकं घेऊन घरोघरी जातात. आश्रमातल्या मुली बहिणी, देणारा भाऊ, आणि देणगी म्हणजे ओवाळणी. नावातच सगळी युक्ती आहे. बहिणीने ओवाळल्यावर भाऊ अटी घालत नाही, आणि तबकात किती पडलं याची चारचौघांत चर्चा होत नाही. पाच रुपये घालणाराही भाऊच ठरतो. शिवाय भाऊबीज एकदा करून संपत नाही, ती पुढल्या वर्षी येतेच. त्यामुळे 'पुन्हा कसं मागायचं' हा कार्यकर्त्यांना छळणारा संकोच इथे आपोआप गळून पडतो. वडील गेले की मुलगा पावती फाडतो. आकडा लहान असतो, घर मात्र तेच असतं.

कार्तिकातल्या त्या आठवड्यात आजही पुण्यातल्या कितीतरी दारांवर या कार्यकर्त्यांची बेल वाजते.