रद्दीच्या भिंतीत खिडकी बसवताना

अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेलगत, कोलंबस हे छोटे गाव आहे. त्या वाळवंटी मुलखात काही हौशी माणसांनी रद्दीची घरे उभी केली आहेत. रद्दी भिजवून तिचा लगदा करायचा, त्यात सिमेंट-वाळू कालवायची आणि साच्यात ओतून विटा पाडायच्या. या मालाला पेपरक्रीट म्हणतात. त्याचे पेटंट १९२८ सालचे. पुढे एरिक पॅटरसन आणि माइक मॅकेन यांनी आपापल्या वाटेने तो पुन्हा शोधून काढला आणि घरबांधणीत आणला. एका प्रचलित मिश्रणात सुमारे ६०० लिटर पाणी, २७ किलो कागद, ४३ किलोंची सिमेंटची गोणी आणि ३० किलो वाळू पडते. भंगारातल्या मोटारीच्या मागच्या आसाला टाकी आणि गवत कापायच्या यंत्राचे पाते जोडून मिक्सर करतात. तो गाडीमागे ओढत नेला की चाकांबरोबर पाते फिरते आणि लगदा तयार होतो.

वाळलेली वीट हलकी असते आणि करवतीने कापता येते. भिंत फूटभर जाड, त्यामुळे उन्हाळ्यात घर गार राहते. चुकलेले काम कापावे, लगदा थापावा, पुन्हा वाळवावे. भिंत रुसत नाही. या कारागिरीचा खरा कस लागतो तो खिडकीपाशी.

पहिली अडचण आकसण्याची. ओला लगदा वाळताना आकसतो, काच आणि लाकूड तसे आकसत नाहीत. भिंत ओली असतानाच काच घट्ट बसवली, तर काचेच्या कडेने फट पडते किंवा भिंतीला चीर जाते. म्हणून जाणती माणसे आधी फळ्यांची भक्कम पेटी करून चिणतात आणि खरी खिडकी भिंत पूर्ण वाळल्यावरच बसवतात. ती पेटी आणि खिडकी यांच्यात बोटभर जागा सोडतात, ओळंबा आणि लेव्हल लावून पाचरी ठोकतात, मग ती फट फोमने भरतात.

दुसरी अडचण पकडीची. आपला गवंडी चौकटीला लोखंडी होल्डफास्ट ठोकतो आणि काँक्रीटमध्ये गाडतो, की चौकट जागची हलत नाही. इथे नुसता खिळा जड खिडकीचा भार पेलत नाही, मऊ मालातून तो सैल होतो. म्हणून विटा रचतानाच थरांमध्ये लाकडाचे ठोकळे किंवा सळ्या गाडून ठेवाव्या लागतात आणि पेटी त्यांना जखडावी लागते. वरच्या बाजूला लाकडाचे किंवा लोखंडाचे लिंटेल हवेच. पेपरक्रीट दाबाखाली हळूहळू बसतो; लिंटेल नसेल तर वरचा भार थेट चौकटीवर येतो आणि पल्ला अडकू लागतो.

पाण्याचे दुखणे मात्र सर्वांत मोठे. हा माल पाणी शोषून धरतो. म्हणून खिडकीच्या तळाशी उतार असलेली पट्टी, तिच्याखाली पाणी न झिरपू देणारा थर, आणि पट्टीच्या बाहेरच्या कडेखाली आडवी खाच. त्या खाचेमुळे थेंब भिंतीकडे न वळता खाली पडतो. ही खाच बोटाच्या नखाएवढी असते, पण भिंतीचे आयुष्य तिच्यावर अवलंबून आहे. गिलावा करताना सांध्यावर जाळी मारतात, नाहीतर चौकटीभोवती तडे जातात आणि त्यातून पाणी आत शिरते.

वाळवंटात हे सगळे निभावते, कारण भिजलेली भिंत लवकर सुकते. कोकणच्या पावसात बाहेरच्या भिंतींसाठी हा माल वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आतल्या पडदी भिंतींना तो चालेल. वापरायचाच झाला तर मोठे छज्जे हवेत आणि पाया जमिनीपासून बराच उंच हवा.

वाळवंटात रद्दीची घरे बांधणारी ही माणसे खिडक्या बऱ्याचदा नव्या घेत नाहीत. जुनी घरे पाडताना निघालेली तावदाने स्वस्तात आणून ठेवतात आणि त्यांच्या मापाने भिंतीत मोकळी जागा सोडतात. भिंत कधीही कापता येते, जुनी चौकट मात्र वेडीवाकडी असली तरी तशीच सांभाळावी लागते. विटा पाडायच्या आधीच खिडक्या अंगणात येऊन पडतात, त्या याच कारणाने.